मदत हवी आहे: कार्यप्रशिक्षणाचे विद्यावेतन खात्यात येत नाही
नमस्कार. वाळूजच्या एका कारखान्यातून कमी केल्यानंतर माझा धाकटा भाऊ मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून पैठण तालुक्यातील एका कार्यालयात रुजू झाला. आयटीआय झालेल्यांना या योजनेत दरमहा 8,000 रुपये विद्यावेतन आहे (बारावीवाल्यांना 6,000, पदवीधरांना 10,000), आणि ते थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. परंतु कार्यालय हजेरी पाठवल्याचे सांगत असूनही त्याची दोन महिन्यांची रक्कम आलेली नाही. कारखान्यातील पगाराचे जुने, आता बंद पडलेले खातेच आधारशी जोडलेले राहिले असावे, अशी मला शंका आहे. ही जोडणी कशी तपासावी आणि थकलेली रक्कम नव्या खात्यात मिळण्यासाठी अर्ज कार्यालयाकडे द्यावा की जिल्हा कौशल्य विकास केंद्राकडे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. घरभाडे थकले आहे.