बागेच्या फाटकात पाइप, आईची खुर्ची बाहेर (पुणे)

पेठेतली लेक:
आईला अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं. घरासमोरच बाग, पण आई गॅलरीतूनच बघते. दुचाक्या शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी पाइप रोवलेत. परवा टेप घेऊनच गेले. दोन पाइपांत ५८ सें.मी.; आईची व्हीलचेअर कडीपासून कडीपर्यंत ६६. स्कूटरवाले मात्र आरामात आत! पाइप मांडीइतकेच उंच. हँडल वरून निघतं, खालचा भाग अरुंदच.

बाजूच्या दाराला तीन पायऱ्या, उंची ४५ सें.मी. शेजारी रॅम्प, लांबी जेमतेम दीड मीटर. चढवताना खुर्ची मागे कलंडते, आई डोळे मिटून घेते. तक्रार केली तर उत्तर : "रॅम्प केलाय की ताई!" आता काय करू?

ड्रॉइंगवाली:
बागांचीच कामं करते. रॅम्पला उतार १:१२ लागतो, म्हणजे ४५ सें.मी. चढायला ५.४ मीटर. तुमच्याकडचा रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. पाइपांमध्ये एक तरी फट १.२ मीटरची हवी. पाइप किती जाड?

पेठेतली लेक:
६ सें.मी. एकूण चार.

ड्रॉइंगवाली:
मग एकच काढायला सांगा. ५८ + ६ + ५८ = १२२. झालं काम. नवीन टेंडर नको, काही नको.

रोजचा फिरस्ता:
आणि त्यातून बुलेट आली म्हणजे? माझी नात तिथंच खेळते.

ड्रॉइंगवाली:
काका, आत्ताही येतातच की. बाहेर गाड्या लावायला जागा आखा, फाटकावर माणूस बसवा. पाइपाला पगार लागत नाही, म्हणून तो लावतात.

पांढरी काठी:
मला दिसत नाही, फोनला बोलून लिहितोय. आमच्या फुटपाथवर पिवळ्या फरश्या बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. पट्ट्यांवरून सरळ गेलो तो विजेच्या डीपीवर आदळलो. ठिपके एकही नाही. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद केल्यावर तिथं मोकळं चालता येतं, हेही सांगतो.
ताई, तोंडी तक्रार करू नका. मापं घालून, फोटो लावून लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर २०१६च्या दिव्यांग कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. कार्यालय पुण्यातच आहे.

पेठेतली लेक:
अर्ज दिला, पोच मिळाली. तिथला माणूस म्हणाला, "पाइप मुळापासून नाही निघणार, वरून कापून देतो." म्हणजे चार बोटं खुंट राहणार. खुर्चीखालून जाईल, पण आईची पावलं ठेवायची पाटी जमिनीपासून किती वर असते?