माझ्या बाबतीत क्रम उलटा होता

‘आधी स्वतःला मनापासून स्वीकारा, मग क्रीम-बिमची गरजच उरत नाही’ असं कोडावरच्या (त्वचेवरच्या पांढऱ्या डागांवरच्या) या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. मला विसाव्या वर्षी कोड आलं, आधी बोटांच्या पेरांवर, मग ओठांच्या कडेला. सात-आठ वर्षं भर मे महिन्यातही लांब बाह्या. आजीने दूध-मासे एकत्र खाल्ल्याचा ठपका ठेवला (आमच्याकडे मासे वर्षातून दोनदा!), आणि कोडाच्या ‘श्वेतकुष्ठ’ या दुसऱ्या नावामुळे लोक उगाच कुष्ठरोगाशी नातं जोडतात. खरं तर आपलीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशी मारते. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने ते पसरत नाही.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: त्या डागांत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, नसतं, म्हणून ऊन तिथे पटकन भाजतं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सनस्क्रीन लिहून दिलं, एसपीएफ (ऊन किती अडवतं त्याचा आकडा) ३०च्या वरचं, दर दोन तासांनी. लपवायला नाही, जपायला. रोज सकाळी तेच डाग निरखून, बोटाने हळूहळू चोळत बसावं लागायचं. आधी मी आरशातही त्यांच्याकडे बघत नव्हते. स्वीकार वगैरे त्यानंतर, कधीतरी. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात बिनबाह्यांचं ब्लाउज शिवलं. काकू टक लावून बघत होत्या, बघू देत.