मदत हवी आहे: बेळगाव ते मुक्तिनाथ बुलेटवर, १६ दिवसांत निघायचंय, मागचा टायर कुठला घालू?

खानापूरचा_ज्ञाना
नमस्कार मंडळी. मुक्तिनाथला जायलोय, बाईकवर. सोनौलीवरून नेपाळात शिरायचं, पोखरा, जोमसोम, मुक्तिनाथ आणि परत. २१ दिवसांची रजा मंजूर झालीय. प्रश्न दोनच. अर्धा डांबरी, अर्धा कच्चा रस्ता धरून मागचा टायर कुठला घालू? आणि गाडी परदेशात न्यायचा तो कागद, कार्नेट का काय ते, लागतं का? इथं एकानं लाखभर डिपॉझिट भरावं लागतं म्हणून सांगितलं. बाकी रूट वगैरे सगळं बघून झालंय, तेव्हा 'जपून जा, रात्री चालवू नको' छापाचे सल्ले नकोत प्लीज. जरा लवकर सांगा, टायर मागवायचाय.

निपाणीकर_काका
कार्नेट नेपाळला लागत नाही, भूतानलाही नाही. आपल्या नंबरच्या गाडीला सीमेवर भन्सार काढायचा. जकातीची पावतीच ती, दिवसांच्या हिशेबानं पैसे. ठरवलेत त्यापेक्षा दोन दिवस वाढवूनच लिही, मुदत उलटली की दंड. आणि एका वर्षात सगळे मिळून ३० दिवसांच्या वर गाडी आत ठेवता येत नाही.
मी २०१७ साली स्प्लेंडरवर जाऊन आलोय. होय, स्प्लेंडर. टायर जे होते तेच.

डबल_सायलेन्सर
काका, तुमची स्प्लेंडर आता पुराणात जमा करा की ओ. बेनीच्या पुढं जोमसोमपर्यंत काय रस्ता आहे माहिताय ना? ज्ञाना, बुलेट म्हणजे कुठली? स्टँडर्ड का क्लासिक? रिम १८ चा का १९ चा? ते सांगितल्याशिवाय टायर कसा सांगणार? माझं मत विचारशील तर पन्नास-पन्नासवाला गुटगुटीत नक्षीचा घाल. दोन जादा ट्यूब, क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, चेन लिंक घे. आणि पंक्चर स्वतः काढायची सवय आहे का? बुलेटचं मागचं चाक रस्त्यात उतरवणं म्हणजे तालमीत उतरण्यासारखं आहे.

खानापूरचा_ज्ञाना
स्टँडर्ड ३५०, २०११ ची. १९ चा रिम. पंक्चर काढता येतं.

शहापूरची_स्वाती
टायर राहू दे बाजूला. किती जण चाललाय? ओळखपत्र काय नेताय? गाडी तुझ्याच नावावर आहे का? इन्शुरन्सला नेपाळची वाढ घेतलीस का? आम्ही गेल्या वर्षी कारनं गेलो तेव्हा सोनौलीला आरसी अगदी हातात घेऊन बघितली होती. मोबाईलमधलं डिजिलॉकर आपल्या देशापुरतं. तिथं कार्डच पाहिजे, लायसनचंही आणि आरसीचंही.

फिरस्ता_७१
लेहला जाणार असाल तर मनालीपेक्षा श्रीनगरकडून चढा, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मी तीनदा जाऊन आलो आहे. पांगाँगला रात्री मुक्काम करू नये.

डबल_सायलेन्सर
दादा, लेह कुणी विचारलं?

खानापूरचा_ज्ञाना
दोघं जण. माझी बुलेट आणि मित्राची हिमालयन. तो टिळकवाडीचा आहे, गाडी केए-२२, त्याच्याच नावावर, त्याचं सगळं ओके. माझा पासपोर्ट रिन्यूला दिलाय, इलेक्शन कार्ड आहे. आधार पण आहे. एक शंका, इलेक्शन कार्डावर माझं नाव जे-एन-ए नं सुरू होतंय आणि लायसनवर डी-एन-वाय नं. चालतं का?

शहापूरची_स्वाती
आधार सीमेवर धरत नाहीत. पासपोर्ट नाहीतर इलेक्शन कार्ड. नावाचं म्हणशील तर आपल्या भागातल्या अर्ध्या ज्ञानेश्वरांचं हेच रडगाणं आहे. कन्नडमधून इंग्रजीत आलं की 'ज्ञ' चा जे-एन होतो, मराठीतून आलं की डी-एन-वाय. आमच्या दिरांचं तर एका कागदावर जी-एन पण आहे. आधार जोडीला ठेव, नुसतं पुरावा म्हणून. फोटो आणि जन्मतारीख जुळली की सहसा ताणत नाहीत. पण मी विचारलेलं अजून सांगितलं नाहीस. गाडी कुणाच्या नावावर?

पाव्हणा_गोकाकचा
माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेळगाम आणि आधारवर बेळगावी आहे. मला अडवतील का?

निपाणीकर_काका
२०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं हे नेपाळच्या हवालदाराला ठाऊक असायचं काही कारण नाही. बिनघोर जा.

सीमावासी
नाव कागदावर काहीही लिहिलं तरी बेळगाव ते बेळगावच. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे आणि आपण इथं परदेशच्या सीमा ओलांडायच्या गप्पा मारतोय. आमची पहिली बॉर्डर कोगनोळी टोलनाक्याला लागते. कोविडात त्याच नाक्यावर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते, विसरलात काय?

धागा_सांभाळणारा
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिकडे बोला. इथं मुक्तिनाथ.

डबल_सायलेन्सर
कार्नेटबद्दल थोडं, कारण लोक घाबरवतात. ते गाडीचं पासपोर्ट समजा. गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेणार, अशी हमी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते, गाडीच्या किमतीवर डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी लागते. इराणला लागतं. लंडनपर्यंत जाणाऱ्यांची डोकेदुखी ती. त्यांचा म्यानमारमधून जायचा रस्ता २०२१ च्या सत्तापालटापासून बंदच आहे. तुला यातलं काही लागू नाही. इंटरनॅशनल परमिटही नको, आपलं लायसन नेपाळमध्ये चालतं.

खानापूरचा_ज्ञाना
थँक्स. तेवढंच पाहिजे होतं. मग टायर?
गाडी बाबांच्या नावावर आहे. एमएच-०९. तेव्हा कोल्हापूरला होतो आम्ही.

निपाणीकर_काका
मग सोपं आहे की रे. बाबांकडून स्टॅम्पवर अधिकारपत्र करून घे, की ही गाडी माझा मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नेपाळला नेतोय. नोटरी कर. सोबत त्यांच्या ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स. इंग्रजीत करून घे, कन्नड नको नि मराठीही नको. माझा पुतण्या तसाच गेला होता.

डबल_सायलेन्सर
अधिकारपत्रावर कुणी कुणी खुसपट काढतं. बाबांनाच मागं बसवून ने, हाय काय नि न्हाय काय 😄

कुंदा_प्रेमी
कोणी पोखऱ्यात शाकाहारी जेवणाचं ठिकाण सांगू शकेल का? आणि कुंदा किती दिवस टिकतो प्रवासात? नेपाळी मित्राला द्यायचा आहे.

शहापूरची_स्वाती
कुंदा तीन-चार दिवसांच्या वर नेऊ नका, उन्हात वास येतो. ज्ञाना, इन्शुरन्स पण बाबांच्याच नावावर असेल ना? पॉलिसी भारतापुरती असते. कंपनीला 'जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन' म्हणून सांगायचं, आयएमटी-१ चं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी. त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान एवढे येतात. ते न घेता गेलास आणि तिकडं कुणाला धडकलास तर सगळं खिशातून. पॉलिसीधारकाची सही लागते, बाबांना सांगून आजच मेल टाक.

शहापूरची_स्वाती
ज्ञाना? दोन दिवस झाले. मेल टाकलास का?

खानापूरचा_ज्ञाना
ताई, बाबा फेब्रुवारीत गेले.
गाडी मीच चालवतोय तेव्हापासून. खानापूर-बेळगाव रोज. नावावर करायचं राहून गेलं. मुक्तिनाथला त्यांनाच जायचं होतं, याच गाडीवर, रिटायर झाल्यावर. म्हणून दुसरी गाडी नको होती.

डबल_सायलेन्सर
सॉरी रे. मला माहीत नव्हतं. मागं बसवायचं लिहिलेलं मनाला लावून घेऊ नकोस.

निपाणीकर_काका
पोरा, वाईट वाटलं. सावकाश घे.

शहापूरची_स्वाती
माफ कर, मी सारखी विचारत बसले. पण आता मोकळेपणानं सांगते, कारण हे तुझ्या रोजच्या जाण्यायेण्याचंही आहे. मालक वारला की त्याच्या नावाची पॉलिसी तीन महिने चालते, किंवा तिची मुदत आधी संपत असेल तर तोवर. तेवढ्यात वारसानं ती आपल्या नावावर करून घ्यायची. फेब्रुवारी म्हणजे तुझे तीन महिने मे महिन्यातच संपले. नेपाळ राहिलं लांब, उद्या सकाळी खानापूर रोडला कुणी आडवं आलं तर तुझ्यामागं कुणी उभं नाही.

वकील_पण_हौशी
ताईंचं बरोबर आहे. आरटीओचं असं: मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची. उशीर झाला म्हणून होत नाही असं नाही, थोडा दंड पडेल. गाडी महाराष्ट्राची आणि तू कर्नाटकात, म्हणून आधी फॉर्म २८, म्हणजे एनओसी, तिकडच्या आरटीओकडून. मग इकडे नोंदणी, इकडचा रोड टॅक्स, तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायचा अर्ज. आई आणि भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद. दहा-बारा दिवसांत हे होत नाही, कुणी एजंट होतं म्हणाला तरी.

निपाणीकर_काका
नवीन नंबर कशाला? आरसीवर एमएच-०९ राहू दे की, कोल्हापुरात मामा-काका कुणी असतील त्यांचा पत्ता लावून तिकडंच वारसाच्या नावावर करायची. निपाणीत अर्ध्या गाड्या अशाच फिरतात.

वकील_पण_हौशी
काका, फिरतात आणि दर महिन्याला कुठंतरी पकडल्याही जातात. १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की नोंदणी बदलायलाच पाहिजे. परदेशी सीमेवर जायच्या गाडीचा कागद असा लटपटता ठेवू नये.

निपाणीकर_काका
मी आपला अनुभव सांगितला. तुमचा कायदा तुमच्याजवळ.

जोमसोमचा_वारा
जरा रस्त्यावरही येतो, कारण धाग्यात खरा प्रश्न तोच होता. मी पोखऱ्यात चार वर्षं नोकरीला होतो. टायरपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. (नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं, ते भन्सारच्या खिडकीवरही लागू.) काली गंडकीच्या खोऱ्यात दहा-अकरा वाजले की खालून वर वारा सुटतो, तो संध्याकाळपर्यंत. धूळ आणि बारीक खडे हेल्मेटच्या काचेवर ताडताड आदळतात, हलकी गाडी बाजूला सरकते. मारफा ते जोमसोम सकाळी सातला निघून दहाच्या आत गाठायचं. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखरा जेमतेम ८०० वर. एका दमात चढलास तर डोकं फुटेल, वाटेत तातोपानी नाहीतर मारफाला एक रात्र काढ. डोकेदुखीसोबत ओकारी आली की थांबायचं नाही, खाली उतरायचं. पोखऱ्यात अन्नपूर्णा भागाचं परमिट काढायला विसरू नकोस, आपल्याला सार्कचा कमी दर लागतो.
आणि ऐन दसऱ्यात, म्हणजे त्यांच्या दशैंत, सीमेवर जाऊ नकोस. निम्मा नेपाळ गावी निघालेला असतो, ऑफिसात माणसं कमी. तू १६ दिवसांनी म्हणतोस, म्हणजे नेमका त्याच गर्दीत पोहोचतोस.

डबल_सायलेन्सर
बुटवलवरून पाल्पामार्गे जायचं का नारायणघाट-मुग्लिंगवरून?

जोमसोमचा_वारा
पावसाळा मागं सरकेपर्यंत दोन्हीकडं डोंगर हलतात. २०२४ च्या जुलैत नारायणघाट-मुग्लिंगला दरडीनं दोन बसगाड्या त्रिशूली नदीत ढकलल्या, पन्नासच्या वर माणसं गेली. तो रस्ता मी अंधारात कधीच धरणार नाही, सल्ला नको म्हणालास तरी. आपल्या शंभराच्या नोटा जवळ ठेवा. शंभराचे तिकडचे १६० होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, कुणी १५० देत असेल तर पुढं चला. पर्यटक पोलिसांचा नंबर ११४४. आणि दारू पिऊन हँडलला हात लावायचा नाही, तिकडं फुंकर मारायला लावतात आणि ऐकून घेत नाहीत.

कुंदा_प्रेमी
शाकाहारी जेवणाचं कुणी सांगितलंच नाही.

जोमसोमचा_वारा
थकाली थाळी मागा, 'साकाहारी' म्हणून सांगा. डाळ-भात पाहिजे तेवढा वाढतात.

खानापूरचा_ज्ञाना
सगळ्यांचे आभार. दोन दिवस डोक्यात तेच चाललंय. मित्र म्हणतोय हिमालयनवर मागं बस, जाऊन येऊ. खरं आईला विचारलं तर ती म्हणाली, 'त्यांच्या गाडीवर जायचं ना, मग कागद करूनच जा.' रजा परत केली. काल एनओसीचं विचारून आलो. मृत्यूच्या दाखल्यावर बाबांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे आरसीपेक्षा, आधी त्याचं अफिडेव्हिट करायला सांगितलंय. तेच 'ज्ञ'. आमच्या घरात तीन पिढ्या ज्ञ.
स्वातीताई, आजपासून बसनं जायलोय बेळगावला.

शहापूरची_स्वाती
बरं केलंस. एप्रिलमध्ये जा, थंडी कमी असते आणि पावसाळाही नसतो. नवीन आरसी आली की पॉलिसी आपल्या नावानं घे आणि त्याच दिवशी नेपाळची वाढ मागून घे, परत वेगळी धावाधाव नको. आणि स्वतःचा प्रवासविमा घेताना एक ओळ शोधून वाच, काही पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वरची मोटारसायकल आणि ठरावीक उंचीच्या वरचं वगळलेलं असतं.

डबल_सायलेन्सर
एप्रिलला मी येतो बरोबर, चालेल काय? तोवर एकदा आंबोली, एकदा चोर्ला सामान लादून चालवून बघू. आणि टायर कुठला मागवलास शेवटी?

खानापूरचा_ज्ञाना
ये की. टायर नाही मागवला. आहे तो चोर्ल्याला पुरतोय.

फिरस्ता_७१
चोर्ल्याचा रस्ता सध्या कसा आहे? रविवारी गोव्याला जायचं आहे.