पगारातून कापला जाणारा प्रोफेशनल टॅक्स जातो कुठे?

नवा_नोकरदार: दर महिन्याला स्लिपवर पीटी म्हणून २०० कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५००. ऑफिसात एक सीनियर म्हणाले हा कर मुळात खेड्यातल्या मजुरांसाठी लावलेला. खरंय का? आणि शहरात वाढलेला पैसा गावापर्यंत पोचवायला हा रस्ता बरा का लाडकी बहीणसारखे थेट खात्यात १५०० टाकणं बरं?

माणदेशी: खरंय. ७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर एवढे लोक आले की मे १९७३ ला आकडा ५० लाखाच्या आसपास गेलेला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजनेची (रोहयो) कल्पना लावून धरली, पण पैसा आणायचा कुठून, तर १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा केला, शहरातला नोकरदार जेवढा भरेल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. रोहयोचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. काम मागितलं की १५ दिवसात द्यायचं नाहीतर बेकारी भत्ता, म्हणजे उपकार नाही, हक्क! केंद्राने २००५ ला नरेगा आणली ती हेच बघून.

पाझर_तलाव: हक्क होता हे मान्य, पण रोहयोच्या कामातून बांधलेला तलाव कुणाच्या कामी आला तेपण बघा ना. आमच्या आईने पाझर तलावावर माती वाहिली, मस्टरवर अंगठा, मजुरी मिळायची पंधरवड्याने कधी त्याहून उशिरा, आणि तलाव भरल्यावर पाणी उतरलं खालच्या बागायतदारांच्या विहिरींना. आम्हाला जमीनच नाही तर पाणी घेऊन करणार काय. मजुरीने पोट भरलं पण जे कायमचं उभं राहिलं ते ज्याची जमीन त्याचं झालं, माझ्या मते खरी वाटणी इथेच चुकते.

कोकणी_काजू: बरोबर, १९९० ला फळबाग योजना रोहयोला जोडली, आमच्याकडे डोंगरउतारावर आंबा काजू त्यातूनच लागला, उत्पन्न अजून चालू आहे, पण तीपण सातबारा असणाऱ्यालाच.

पाझर_तलाव: तेच म्हणतोय. १५०० बाईच्या हातात येतात ते येऊ देत, त्याला विरोध नाही, घरात तिचा शब्द चालायला लागतो. पण भूमिहीनांच्या गटाला त्या पाण्यात कायद्याने हिस्सा द्या, मासेमारीचा ठेका त्यांनाच द्या, गायरानावर झाडं लावली तर फळं त्यांची.