मदत हवी: ६५०९ स्विचमध्ये नवं लाइन कार्ड (पोर्टांचं कार्ड) बसवलं, पण चालूच होईना

मंडळी, दोन दिवस डोकं फोडतोय, शेवटी इथे आलो.

आमच्या कॉलेजचा मुख्य स्विच सिस्को कॅटॅलिस्ट ६५०९-ई. जुनं धूड आहे, मान्य. पण नवा घेऊ म्हटलं की अकाउंट्सवाल्यांना घाम फुटतो. आत ५ आणि ६ नंबरच्या स्लॉटमध्ये सुपरवायझर ७२० (स्विच चालवणारी मुख्य कार्डं), फोनसाठी ४८ पोर्टांची दोन पीओई (नेटवर्क केबलीतूनच वीज देणारी) कार्डं आणि एक फायबरचं. नव्या लॅबसाठी सेकंडहँड ६७४८ कार्ड आणलं, ते स्लॉट ४ मध्ये घातलं. अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधला होता, कार्ड खाचांतून सरळ सरकवलं, दोन्ही कान एकदमच दाबले, स्क्रू पिळले. तरी 'शो मॉड्यूल' कमांडमध्ये स्टेटस पॉवर-डिनाय (वीज नाकारली). तीनदा काढून घातलं, स्लॉट बदलला, तेच.

कार्ड मेलंय का? विकणारा उद्यापर्यंतच परत घेणार आहे.

रॅकमागचा: ६७४८ पहिल्या आठ स्लॉटमध्ये चालत नाही. ९ ते १३ मध्ये घाला.

जुना टेलिकॉमवाला: रॅकमागचे, ते तेरा स्लॉटवाल्या ६५१३ चं. ६५०९ मध्ये १३ वा स्लॉट कुठून आणणार? :)
धागाकर्ते, कार्ड परत पाठवू नका. कार्डात बिघाड असता तर टेस्टमध्ये नापास झालं असतं. इथे सुपरवायझरने त्याला वीजच दिलेली नाही. 'शो पॉवर' काय म्हणतं? सप्लाय कोणते?

धागाकर्ता: दोन सप्लाय, प्रत्येकी ६००० वॅटचा. मोड रिडंडंट (एक गेला तर दुसरा सांभाळतो). एकूण मात्र २९०० च्या आसपास दाखवतोय. हे कसं काय?

जुना टेलिकॉमवाला: प्रत्येक सप्लायला केबली किती लावल्यात? त्या ६००० वाल्याला दोन लागतात. २३० व्होल्टची एकच लावली तर तो २९०० च देतो. रिडंडंटमध्ये दोघांची बेरीज होत नाही. शिवाय जो फोन आपला क्लास (किती वीज लागते ते) सांगत नाही त्याच्यासाठी स्विच १५.४ वॅट राखून ठेवतो; असे ४८ म्हणजे ७३९ वॅट. तुमची दोन कार्डं भरलेली असतील तर हिशोब तिथेच संपला.

रॅकमागचा: मग कंबाइंड मोड (दोघांची वीज एकत्र) करा की. एक कमांड, काम खल्लास.

जुना टेलिकॉमवाला: आणि रात्री एक सप्लाय गेला की फोन, पाठोपाठ कार्डं बंद. कॉलेजच्या मुख्य स्विचवर मी तरी हे करणार नाही. दुसऱ्या केबली लावा, पण आधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळ्या एमसीबीवर लाइन घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर नको.

धागाकर्ता: रॅकमागे वाकून पाहिलं, दोन्ही सप्लायच्या दुसऱ्या केबली वेटोळं करून टायने बांधून ठेवलेल्या! बसवणाऱ्याला तेव्हा सॉकेट कमी पडले असणार. काल संध्याकाळी नवी लाइन ओढली, एकेक करून जोडल्या. एकूण ६००० वर गेलं, 'पॉवर एनेबल मॉड्यूल ४' दिलं. दिवा आधी नारिंगी, मग टेस्ट संपल्यावर हिरवा.

पण लॅबमधल्या एकाही पीसीला लिंक नाही. आता काय?

जुना टेलिकॉमवाला: या स्विचवर नवं पोर्ट राउटेड (राउटरच्या पोर्टासारखं) आणि शटडाउन (बंद) असतं. इंटरफेस रेंज घ्या, 'स्विचपोर्ट', मोड अ‍ॅक्सेस, लॅबचं व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क), मग 'नो शट'.

धागाकर्ता: आली लिंक. विकणाऱ्याला आत्ताच फोन केला, कार्ड ठेवतोय म्हणून.