मदत हवी आहे: रेल्वेत बॅग बदलली, रविवारच्या आत परत हवी

वैतागलेली_सून (गुरुवार, सकाळी ९:४०)
नमस्कार. काल गाडीत बॅग बदलली. आमच्यासारखीच निळी ट्रॉली घरी आली न् आमची कोणाकडे तरी गेली. घरी नंबरचं कुलूप उघडेना तेव्हा कळलं. रेल्वेच्या नंबरवर फोन केला तर एक दाबा, दोन दाबा करता करता कट झाला. आमच्या बॅगेत सासूबाईंची एक फार गरजेची वस्तू आहे. रविवारी घरी कार्यक्रम आहे, त्याआधी ती हवीच. असं कोणासोबत झालं आहे का? काय केलं? लवकर सांगा प्लीज.

अजनीकर
कोणती गाडी, कोणता डबा, कुठून बसले? हे न सांगता काय सांगणार ताई.

वैतागलेली_सून
पुण्याकडून आलो. स्लीपर.

अजनीकर
पुण्याकडून दहा गाड्या येतात. स्लीपर म्हणता म्हणजे गरीबरथ नाही, तिचे सगळे डबे एसी. ती असती तर बरं झालं असतं, नागपुरातच संपते. आझाद हिंद असेल तर तुमची बॅग हावड्याला रसगुल्ले खाऊन राहिली असेल.

तर्रीवाला_बंटी
गरजेची वस्तू म्हणजे सोनं का? सोनं असेल तर विसरा. माझ्या मामेभावाचा नुसता मोबाईल गेला होता, अजून वाट पाहून राहिला.

वैतागलेली_सून
सोनं नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस. नणंदेकडे कऱ्हाडला गेलो होतो, अंबाबाईचं दर्शन करून परत कऱ्हाडहूनच बसलो. एस ४. नागपूरला उतरलो.

अजनीकर
आता कसं. ती गाडी नागपूरहून पुढे भंडारा रोड, तुमसर करत गोंदियाला संपते. तुमची बॅग गाडीतच राहिली असेल, तर पुढे उतरणाऱ्याने नेली किंवा गोंदियाला रिकाम्या डब्यात आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला, सापडली. रेल्वेच्या रेलमदत ॲपवर तक्रार टाका, पीएनआर लागेल. १३९ पुन्हा लावा. पण सगळ्यात भारी म्हणजे स्वतः स्टेशनवर जा, फोनवर कोणी हलत नाही.

निवृत्त_पण_बिझी
सापडलेले सामान स्टेशन मास्तरकडे जमा होते व तेथून हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात जाते. आरपीएफची ‘ऑपरेशन अमानत’ नावाची मोहीमच यासाठी आहे. मुख्य मुद्दा असा की दुसऱ्याची बॅग घरी उघडू नये. न उघडता जमा करून पोच घ्यावी. उद्या त्यांनी म्हटले की आत पन्नास हजार होते, तर काय सिद्ध कराल?

तर्रीवाला_बंटी
काका, उघडल्याशिवाय कोणाची आहे कसं समजल? व्हिडिओ काढत उघडायची, चार शेजारी बोलवायचे. झालं.

निवृत्त_पण_बिझी
शेजारी पंचनामा करतात का?

तर्रीवाला_बंटी
आमच्याइथले करतात. न बोलावता.

बेसा_टू_बर्डी
ट्रेननं जाताच कायले? आम्ही आता गाडी काढतो न् समृद्धीनं जातो. सामान आपल्याच डिक्कीत.

अजनीकर
त्यांना कऱ्हाडला जायचं होतं बाप्पा. समृद्धी मुंबईकडे जाते.

पोहेवाली_वहिनी
बाकी राहू द्या, आधी हे सांगा की समोर कोण बसलं होतं? बॅग बर्थखालीच बदलते. आमच्या आजी प्रत्येक बॅगेच्या मुठीला जुन्या साडीचा काठ बांधायच्या. आम्ही हसायचो, पण एक बॅग गेली नाही कधी.

वैतागलेली_सून
समोर एक काका-काकू होते. शिर्डीहून येत होते, कोपरगावला चढले. सासूबाई न् त्या काकू गाडीत सारख्या बोलत होत्या. जावयाचा मुतखडा कोणत्या बाजूला आहे, किती एमएमचा आहे, हे सासूबाईंना पाठ आहे. आडनाव विचारलं नाही. गावही नाही.

पोहेवाली_वहिनी
😂😂 माफ करा, पण हे आमच्याच घरचं वाटलं.

तर्रीवाला_बंटी
औषध आहे का बॅगेत? शुगरचं? तसं असेल तर आधी डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या न् घेऊन टाका.

वैतागलेली_सून (दुपारी १:१५)
औषध नाही. आता सांगतेच. कवळी आहे. रात्री काढून स्टीलच्या लहान डब्यात ठेवली, तो डबा मीच बॅगेत टाकला. रविवारी दिराचं साक्षगंध (साखरपुडा) आहे. सासूबाई म्हणतात, व्याह्यांसमोर अशी बसणार नाही, तुम्हीच उरकून घ्या. दोन दिवसांपासून खिमट खातात न् माझ्याशी बोलत नाहीत.

निवृत्त_पण_बिझी
कवळी कोरडी राहिली तर तिचा आकार बिघडतो, मग हिरडीला टोचते. काढल्यावर पाण्यात ठेवावी. गरम पाण्यात मात्र नाही.

वैतागलेली_सून
काका, ती माझ्याजवळ असती तर ठेवली असती.

बेसा_टू_बर्डी
नवीन करून घ्या ना. मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे.

पोहेवाली_वहिनी
भाऊ, कवळी म्हणजे बर्डीवर मिळणारी चप्पल नाही, की नंबर सांगितला न् घातली. माप, चाव्याचं माप, मेणावरची ट्रायल, तीन-चार चकरा होतात. रविवारपर्यंत कुठून होणार.

अजनीकर
बाहेरच्या कप्प्याला कुलूप नसतं. तिथं काही आहे का?

वैतागलेली_सून
आहे. उदीच्या पुड्या, अर्धा चिवडा, न् एक स्टीलची वाटी. वाटीच्या बुडाला टोचून नाव आहे, नाव इथं लिहीत नाही. खाली ‘मामाकडून भेट, तिरोडा, १९९४’.

तर्रीवाला_बंटी
झालं ना मग काम! तिरोडा गोंदिया जिल्ह्यात. ३३०० मेगावॉटचा पॉवर प्लांट आहे तिथं, माझा साडभाऊ तिकडेच कामाला आहे. फोटो टाका, तो गावच्या ग्रुपवर टाकते.

निवृत्त_पण_बिझी
कृपया फोटो टाकू नका. शिवाय तर्क चुकतो आहे. भांड्यावर गाव मामाचे आहे. ज्यांना भेट मिळाली ते कुठेही नांदत असतील.

तर्रीवाला_बंटी
मामाला विचारू ना! मामा तर तिरोड्यात आहे.

निवृत्त_पण_बिझी
१९९४ चा मामा?

अजनीकर
तुम्ही दोघं मामाला शोधा. ताई, तुमचा बर्थ नंबर न् समोरचा बर्थ नंबर घ्या, ती बॅग घ्या, न् स्टेशनवर आरपीएफकडे जा. चार्टवर त्या बर्थचं बुकिंग निघते. ते तुम्हाला नंबर देणार नाहीत, पण स्वतः फोन लावू शकतात. पार्किंग मिळत नसेल तर संत्रा मार्केटच्या बाजूनं आत जा.

बेसा_टू_बर्डी
संत्रा मार्केटवरून आठवलं, यंदा अंबिया बहाराचे भाव काय चालू आहेत?

वैतागलेली_सून (शुक्रवार, रात्री ८:०५)
मिळाली!! म्हणजे सापडली, हातात यायची आहे. काल संध्याकाळी गेलो. हवालदारांनी आधी मलाच रागावलं, न पाहता बॅग उचललीच कशी म्हणून. मग आतून फोन करवला. काका-काकू गोंदियाचेच निघाले. त्यांनी घरी बॅग उघडली, त्यांचंही कुलूप आमच्यासारखंच, आमचा नंबर ०००. काकूंनी प्रसादाचा समजून तो डबा देव्हाऱ्यापुढे उघडला न् ओरडल्या. मग काकांनी लगेच वाटीत पाणी घेऊन कवळी त्यात ठेवली, त्यांचीही तशीच आहे म्हणे. उद्या सकाळी हे गोंदियाला जात आहेत. त्यांची बॅग पोलिसांकडे पोच घेऊन ठेवली होती, सकाळी तिथूनच सोबत नेतील. सासूबाईंनी फोनवर पहिलं विचारलं, जावयाचा खडा पडला का.

निवृत्त_पण_बिझी
०००?

पोहेवाली_वहिनी
मग पडला का?

वैतागलेली_सून
नाही पडला अजून. साडेसहा एमएमचा आहे.

तर्रीवाला_बंटी
कुळथाचं पाणी प्यायला सांगा.

निवृत्त_पण_बिझी
तेवढा खडा कुळथाने पडत नाही. यूरॉलॉजिस्टला दाखवावे.

अजनीकर
भाऊजी गोंदियाला चाललेच आहेत तर येताना पाच किलो चिन्नोर तांदूळ आणायला सांगा. पैसे लगेच पाठवतो. न् वेगळ्या पिशवीत आणा म्हणावं, निळ्या बॅगेत नको.