फाइलपुढची तिरकी रेघ

भाऊ, फाइलच्या मार्गाच्या शेवटी ‘/..मेटा/’ जोडून तिच्याविषयीची जोडमाहिती (मेटाडेटा) वाचायची, ही तुमची सूचना पटली. युनिक्स, म्हणजे लिनक्सच्या घराण्यातल्या संगणक-प्रणालीत, फाइलच्या नावात फक्त तिरकी रेघ आणि ‘नल’ (शून्य किमतीचा) बाइट चालत नाही. बाकी कुठलंही चिन्ह राखून ठेवलं की कुणाच्या तरी जुन्या फाइलवर गदा येते. विंडोजच्या एनटीएफएसने (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीने) त्यासाठी कोलन घेतला, तर ‘सी’ नावाच्या फाइलला प्रवाह, म्हणजे जास्तीच्या माहितीचा कप्पा, जोडताना ‘सी:’ ड्राइव्हशी गोंधळ! साध्या फाइलच्या नावानंतर तिरकी रेघ दिली तर मात्र नुसती एरर यायची, म्हणजे जागा मोकळीच होती. लिनक्ससाठीच्या राइझर४ या फाइल-पद्धतीने तीच वापरली आणि २००४ मध्ये लिनक्सवाल्यांत जुंपली. फाइलच फोल्डर झाली की हार्डलिंकमुळे (एकाच फाइलला अनेक नावं असल्यामुळे) लॉकिंग, म्हणजे एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप, अडतं, असं विरोधकांचं म्हणणं. हा आक्षेप रास्त होता, नुसता हट्ट नव्हता.

आमच्या रावेरकडे केळीच्या गाड्यांच्या काटापावत्यांचे फोटो पेनड्राइव्हवरून फिरतात. तो एफएटी३२ या जुन्या, साध्या फाइल-पद्धतीचा. फाइलला वेगळी चिकटवलेली माहिती तिथे गळते, उरतं ते नाव. म्हणून मुनीमजी ‘२०२४-०६-१२_सावदा_ट्रक२.जेपीजी’ असंच लिहितात. तुमच्या ‘..मेटा’चं अशा पेनड्राइव्हवर काय होणार, एरर की गुपचूप गळती? मला एरर चालेल.